जुनी साखर

"हा शब्द काढा," निरगुडे म्हणाले.

त्यांच्या हातात तांबडं पेन होतं आणि टेबलावर मी लिहिलेलं पहिलं माहितीपत्रक. मी लिहिलं होतं, 'मधात सुमारे ऐंशी टक्के साखर आणि अठरा-वीस टक्के पाणी असते. उरलेल्या एखाद-दोन टक्क्यांत खनिजे, आम्ले आणि परागकण येतात.' रात्रभर पुस्तकं चाळून लिहिलं होतं. एकही आकडा चुकला नव्हता.

"कुठला शब्द, सर?"

"साखर. या आवारात तो उच्चारायचासुद्धा नाही."

"पण सर, ती साखरच असते. फळातली असते ती, आणि द्राक्षा..."

"निसर्गशर्करा लिहा."

"आणि पाणी?"

"पाणी कशाला सांगायचं?" ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाले. "अहो, पाणी दूधवालेसुद्धा सांगत नाहीत."

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले होते आणि केळशेत नावाच्या घाटाखालच्या गावी 'मक्षिकामृत आरोग्यकेंद्रा'त रसायनतज्ज्ञ म्हणून लागले होते. केंद्राचे संस्थापक डॉ. अच्युतराव निरगुडे. नावाआधीचं 'डॉ.' कुठून आलं हे विचारायचं नसतं, असं मला पहिल्याच दिवशी त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं. "टपालानं आलं," एवढं मात्र तो म्हणाला. दाढी पांढरी, कपडे मधाच्या रंगाचे, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण आजवर उगाचच जिवंत राहिलो असं वाटावं. लोक त्यांना मधुमहर्षी म्हणत. म्हणजे आधी माहितीपत्रकात आम्ही म्हटलं, मग लोक म्हणायला लागले.

केंद्र चार वस्तू विकायचं. मध, परागाच्या गोळ्या, राजान्नाच्या, म्हणजे रॉयल जेलीच्या, कॅप्सूल आणि प्रोपोलिसचा अर्क. प्रोपोलिस म्हणजे माशा झाडांचा चीक गोळा करून पोळ्याच्या फटी बुजवतात तो डिंक. निरगुडे त्याला 'वनदेवतेचे कवच' म्हणत. प्रयोगशाळेत मधातलं पाणी मोजायचं एक यंत्र होतं, एक स्पिरिटचा दिवा आणि कपाटभर काचेच्या नळ्या. त्या नळ्या पाहुण्यांना दाखवायला होत्या. माझं खरं काम लिहिण्याचं होतं. ते मला बरं जमतं हे निरगुडेंच्या लवकर लक्षात आलं, आणि दुर्दैवाने माझ्याही.

मध यायचा वरच्या जंगलातल्या मधपाळांकडून. त्यातल्या तानुबाई ढेबे मला आवडायच्या. साठीच्या, काटक. चाळीस मधपेट्या एकट्या सांभाळायच्या आणि मधाचा डबा खाली ठेवता ठेवता सांगायच्या, "ह्यो जांभळीचा हाय, जरा तुरट लागंल," किंवा, "ह्यो हिरड्याचा." एकदा मी राजान्नाचं माहितीपत्रक लिहीत होते. 'ज्या दिव्य अन्नामुळे सामान्य अळीची राणी होते, ते तुमच्यात काय परिवर्तन घडवील!' इथवर आले होते. तानुबाईंना वाचून दाखवलं.

त्या पदराआड हसल्या. "आन् राणीचं काम काय असतंय, ठावं हाय का?"

"काय?"

"जल्मभर अंधारात बसून अंडी घालायची. दिसाला पाच-पाचशे. तुमच्या गिऱ्हाइकास्नी ह्ये सांगितलंय का?"

"पण ताकद येत असेल ना त्याने?"

"पोरी, त्ये माशीनं माशीच्या लेकरासाठी तोंडातनं काढल्यालं दूध हाय. लेकरू माशीचं असंल तर येतीया ताकद." मग जाता जाता म्हणाल्या, "आन् तुमी एवढ्या कॅप्सुली आनता कुठनं? माज्या चाळीस पेट्यांतनं वरसाला चमचाभर निघायचं न्हाई त्ये."

कुठून आणतो ते मलाही ठाऊक नव्हतं. मी पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

त्या वर्षी दिवाळीआधी निरगुडेंना साक्षात्कार झाला. मला बोलावून त्यांनी विचारलं, "मधुमेह या शब्दात काय आहे?"

"मधु, सर."

"मधु! बघा. ऋषींनी रोगाच्या नावातच औषध सांगून ठेवलंय आणि आपण गोळ्या गिळतोय."

मधुमेह म्हणजे मधासारखी गोड लघवी, हे मला कळत होतं. नावात रोगाचं लक्षण होतं, औषध नव्हतं. या न्यायाने हत्तीपाय झालेल्याला हत्ती खाऊ घालायला हवा होता. पण हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "पण सर, लोक तपासणी करतील. साखर वाढलेली दिसेल."

ते विचारात पडले. दाढी कुरवाळली. मग माझ्याकडे पाहिलं. "त्याचं तुम्ही काहीतरी करा. तुम्ही शास्त्रज्ञ आहात."

मी केलं. तासाभरात मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. 'मधुप्रयोगाच्या सुरुवातीच्या काळात तपासणीत साखर दिसल्यास मुळीच घाबरू नये. ती देहातून बाहेर पडणारी जुनी साखर होय.'

निरगुडेंनी ते वाक्य दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. मग खुर्चीतून उठून त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. 'साखर' हा शब्द त्या आवारात प्रथमच मंजूर झाला होता, आणि तो मी करून घेतला होता. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. तपासणीत साखर आली तर औषध लागू पडतंय आणि नाही आली तर रोग बरा झालाय. कुठूनही आत आलेला माणूस बाहेर जाऊ शकणार नाही असं ते वाक्य होतं. त्या माहितीपत्रकाच्या पंचवीस हजार प्रती निघाल्या.

दिवाळीनंतर आभाराची पत्रं यायला लागली. ती वाचून निवडक पत्रांची फाइल करणं हेही माझंच काम. कुणाचे गुडघे धरायचे थांबले होते, कुणाला सून चांगली वाटायला लागली होती. मार्चमध्ये एके सकाळी गठ्ठ्यातून एक अंतर्देशीय पत्र वर आलं. पिनकोडचे सगळे आकडे रकान्यांच्या बरोबर मध्ये, पत्त्याच्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या. अक्षर ओळखायला मला पत्र उघडावंसुद्धा लागलं नाही.

'महोदय, गेली आठ वर्षे मला मधुमेह आहे. आपले माहितीपत्रक वाचल्यापासून, म्हणजे गेले पाच महिने, मी गोळ्या पूर्ण बंद केल्या असून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे मध व एक राजान्न कॅप्सूल घेत आहे. पायांची जी आग होत असे ती संपूर्ण थांबली आहे. आपला, रा. वि. पोतनीस, निवृत्त पोस्टमास्तर, सातारा.'

माझे वडील. आई गेल्यापासून ते साताऱ्याला एकटे राहत होते. मी महिन्यातून एकदा जायची. ते उतरल्यासारखे दिसायचे, पण विचारलं की म्हणायचे, "रोज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चालतो ना, म्हणून." आणि मला ते पटायचं, कारण मला घाई असायची.

मी पत्र गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. तेवढ्यात निरगुडे मागे येऊन उभे राहिले.

"काय लपवताय?"

"काही नाही, सर. साधंच आहे."

त्यांनी हात पुढे केला. पत्र वाचलं, खालची सही वाचली. "पोतनीस? तुमचे कोण?"

"वडील."

मधुमहर्षींच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "घरचा दाखला!" ते म्हणाले. "आणि तुम्ही तो विनयाने खाली सारत होता! पुढच्या महिन्यात मधुमहोत्सव आहे. त्यांना व्यासपीठावर बसवायचं. सत्कार, शाल, श्रीफळ. चार शब्द बोलतील ना?"

"सर, त्यांनी गोळ्या बंद केल्यात."

"लिहिलंय की त्यांनी. तेच बोलायचं."

त्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने मी साताऱ्याला गेले. वाटेत औषधाच्या दुकानातून बाबांच्या जुन्या गोळ्या घेतल्या. बाबा पाटावर बसून शेंगा सोलत होते. मला बघून लहान मुलासारखे खूश झाले.

"पत्र मिळालं का तुमच्या साहेबांना? तुला मुद्दाम आधी सांगितलं नाही."

"बाबा, गोळ्या घ्या." मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

"आता कशाला?"

"मध म्हणजे साखर असते, बाबा."

"निसर्गशर्करा," त्यांनी मला दुरुस्त केलं.

मी तासभर समजावलं. ते शांतपणे शेंगा सोलत राहिले. शेवटी म्हणाले, "तुला एवढी काळजी वाटतेय तर असं करू. महोत्सवाच्या आदल्या दिवशी येतो, तुझी प्रयोगशाळाही बघेन. तिथं कर काय तपासणी करायची ती." तोवर निदान एक वेळ तरी गोळी घ्या म्हणून मी विनवलं. ते "बघू" म्हणाले. पोस्टात पंधरा वर्षं तक्रारीच्या खिडकीत बसले होते ते. "बघू" म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी बाबा आले. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि पाहुण्यांना दाखवायच्या नळ्यांतल्या दोन उतरवून धुतल्या. त्या प्रयोगशाळेतली ती पहिली खरी तपासणी असावी. बेनेडिक्टचं द्रावण कॉलेजातल्या सरांकडून मागून आणलं होतं. छान मोरपिशी निळं असतं ते. साखर नसली तर उकळून निळंच राहतं. असली तर हिरवं, पिवळं, नारिंगी होत जातं.

"ही माझी," म्हणत मी पहिल्या नळीत माझ्या लघवीचे आठ थेंब टाकले. दिव्यावर धरली. उकळी आली. निळंच राहिलं.

"सुंदर रंग आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांची. नळी तापते न तापते तोच रंग फिरायला लागला. हिरव्यावर क्षणभर थांबला, पिवळ्यावर थांबलाच नाही. उकळी फुटली तेव्हा नळीत तळापासून विटेचा चुरा घातल्यासारखं झालं होतं. कॉलेजात मी इतका गडद रंग फक्त ग्लुकोजच्या पाण्याचा बघितला होता.

मी नळी त्यांच्यापुढे धरली. "बघितलंत?"

बाबांनी चष्मा वर करून नीट बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. पिशवीतून त्यांनी घडी घातलेलं माहितीपत्रक काढलं, खुणेची ओळ बोटाने शोधली आणि वाचून दाखवली. "'तपासणीत साखर दिसल्यास मुळीच घाबरू नये. ती देहातून बाहेर पडणारी जुनी साखर होय.'" आणि पुढे म्हणाले, "आठ वर्षांची साठलेली आहे, हेमा. एवढी तर निघणारच."

मी नळी हातात धरून उभी राहिले. सांगायचं होतं एकच, ते वाक्य मी लिहिलंय, ते माझ्या टेबलावर तासाभरात तयार झालंय. तोंडून निघालं, "कागदावर काय, काहीही छापतात."

"काहीही कसं छापतील?" बाबा म्हणाले आणि घडी परत नीट घातली.

महोत्सव तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या मैदानावर होता. मंडप घातलेला, व्यासपीठावर पांढऱ्या स्वच्छ चादरी अंथरलेल्या, मागच्या पडद्यावर थर्माकोलच्या फूटभर लांबीच्या मधमाशा टाचलेल्या. प्रमुख पाहुणे एका साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. त्यांची ओळख 'ऊसक्षेत्रातील अग्रणी' अशी करून द्यावी, अशी मला सूचना होती, कारण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. व्यासपीठावर सगळ्यांनी चपला काढून यायचं होतं, दीप लावायचा होता. समोर सातशे-आठशे माणसं. पहिल्या रांगेत नऊवारीतल्या तानुबाई. त्यांचा 'आदर्श मधपाळ' म्हणून गुलाब देऊन सत्कार झाला होता आणि तो गुलाब कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

निरगुडे पाऊण तास बोलले. देवांच्या अमृतापासून सुरुवात करून ते परागाच्या गोळ्यांपर्यंत आले. टाळ्या पडत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी मान हलवली. बाबांना बोलवायची वेळ झाली होती. माझ्या हातात चिठ्ठी होती, 'आता ऐकू या एका अनुभवसिद्ध मधुसाधकाचे मनोगत.'

मी माईकसमोर गेले. आणि म्हटलं, "मी इथली रसायनतज्ज्ञ आहे. मध ही साखर आहे. चांगली आहे, चविष्ट आहे, खोकल्यात थोडा आराम देते. पण साखर आहे. मधुमेहाच्या माणसाने चमचे भरभरून घेतली तर त्याला ती तेवढीच बाधते. माहितीपत्रकात जे 'जुनी साखर' म्हणून लिहिलंय, ते मी लिहिलंय. ते खोटं आहे. कृपा करून कुणी गोळ्या बंद करू नका."

ऊसक्षेत्रातील अग्रणींनी प्रथमच डोळे उघडले. मला वाटलं, झालं. आता दगड येतील.

निरगुडे उठले. सावकाश माझ्याजवळ आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माईक स्वतःकडे ओढला.

"बघा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. "आजच्या काळात असा शास्त्रज्ञ दाखवा मला. जो स्वतःच्याच शोधावर शंका घेतो! ही शंका म्हणजेच विज्ञान. आणि श्रद्धा म्हणजे अनुभव. लेकीने शंका घेतली. आता तिच्या जन्मदात्याचा अनुभव ऐका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मी एवढं निर्लज्ज खरं आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि त्यातून एकाही माणसाचं मत हललं नव्हतं.

बाबा खुर्चीतून उठले. चादरीवरून चालत माईकपर्यंत आले, मला बाजूला उभं केलं, आणि खिडकीत उभ्या माणसाला सांगावं तसं स्वच्छ बोलायला लागले. "मी रामकृष्ण पोतनीस, निवृत्त पोस्टमास्तर. माझ्या मुलीच्या लिहिण्यात खोट नाही. तिला उगाच संकोच वाटतो. माझ्या पायांची आग होत असे. रात्र रात्र झोप नसे. मुंग्या येत. आता सहा महिने होत आले, काही म्हणजे काही जाणवत नाही..."

"मास्तर!" पहिल्या रांगेतून हाक आली. तानुबाई उभ्या राहिल्या होत्या. गुलाब खाली पडला होता. "आवं मास्तर, रगात कुनाचं हाय त्ये?"

सगळ्यांनी चादरीकडे पाहिलं. बाबांच्या खुर्चीपासून माईकपर्यंत पांढऱ्यावर तांबडे ठिपके उमटत आले होते. एका पावलाआड एक, सरळ रेषेत. व्यासपीठावरच्या प्रत्येकाने आपापले पाय उचलून बघितले. अग्रणींनी बघितले, निरगुडेंनी बघितले, मी बघितले. बाबांनी सगळ्यांत शेवटी. त्यांना वाटलं दुसऱ्याच कुणाचं असेल. थर्माकोलच्या माशा टाचायच्या पिनांपैकी एक त्यांच्या उजव्या तळव्यात डोक्यापर्यंत घुसली होती.

"दुखतंय का?" मी खाली बसून विचारलं.

"नाही गं," बाबा म्हणाले. ते स्वतःच्या पायाकडे असे बघत होते, जणू तो कुणी तरी ठेवायला दिलेला पाय होता. "काहीच नाही."

आग थांबली नव्हती. पाय थांबला होता.

मी पीन काढली. तेव्हा दिसलं की करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात एक काळी, जुनी जखम होती, किती आठवड्यांची कुणास ठाऊक. तिचा वास येत होता. मधाच्या रंगाचे कपडे घातलेला माणूस माझ्या पाठीमागे माईकमध्ये बोलत होता, "घाबरू नका, अशुद्ध रक्त बाहेर पडतंय. चांगलं लक्षण आहे." आणि मंडपात काही माना होकारार्थी हलत होत्या. मी स्वतः बघितल्या.

तानुबाई व्यासपीठावर चढल्या. चपलांसकट. पदर फाडून त्यांनी बाबांचा पाय बांधला आणि मधुमहर्षींना म्हणाल्या, "बाजूला सरा. जीप कुठं हाय तुमची?" त्यांच्या त्या स्वरापुढे निरगुडे खरंच बाजूला सरले.

साताऱ्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी बाबांची दोन बोटं काढली. सर्जन बाई शांत होत्या, पण माझ्यावर चिडलेल्या होत्या. "आणखी महिनाभर थांबला असतात तर घोटा गेला असता," त्या म्हणाल्या. "कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या गोळ्या?"

केंद्र काही बंद पडलं नाही. उलट त्या महिन्यात निरगुडेंची विक्री वाढली म्हणतात. लेकीने भर सभेत शंका घेतली आणि बापाने तिथेच तिला खोडून काढलं, ही गोष्ट पाच तालुक्यांत पोचली. पिनेची नाही पोचली. मी राजीनामा पाठवला. तो त्यांनी 'उच्च संशोधनासाठी रजा' म्हणून मंजूर केला. पुढे मी साताऱ्यातल्या शाळेत शिकवायला लागले, तिथेच राहिले. बाबा आणखी बारा वर्षं जगले, गोळ्या घेत, काठी टेकत.

पण मला सांगायचंय ते दवाखान्यातल्या नवव्या दिवशीचं. ड्रेसिंगला सर्जन बाई आल्या, पट्टी सोडली, जखम पुसली आणि ट्रेमधून एक छोटी बाटली उचलून तिच्यातलं पिवळं, घट्ट काहीतरी गॉजवर ओतलं. बाबांनी मान उंचावून बघितलं.

"डॉक्टर, हा मध आहे का?"

"हो. निर्जंतुक केलेला. जखमेत जंतू वाढू देत नाही, ओल खेचून घेतो. उघड्या जखमेला चांगला पडतो कधी कधी." त्या पट्टी बांधता बांधता म्हणाल्या. "पोटात मात्र घ्यायचा नाही हं. पोटात गेला की साखर ती साखर."

त्या गेल्यावर बाबांनी मान उंचावून पुन्हा एकदा पट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, "हे का नाही लिहिलंस त्या कागदात? जखमेला लावायचं?"

"लिहिलं होतं. निरगुडेंनी खोडलं. बाहेरून लावायला एक बाटली वर्षभर पुरते, म्हणाले. पोटात घेतली की पंधरा दिवसांत संपते."

"हं."

"बाबा," मी म्हटलं. हे विचारायला मला नऊ दिवस लागले होते. "तुम्ही एवढे हिशेबी. अर्ध्या तिकिटाचं पत्र परत पाठवायचात तुम्ही. तुम्हाला खरंच पटलं होतं ते?"

"मध साखर असतो हे मला कळत नव्हतं होय?"

"मग?"

"ते माहितीपत्रक शेजारच्या साठ्यांकडे आलं होतं. मी सहज वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीत ओळखलं. प्रत्येक ठाम वाक्याच्या शेवटी 'होय'. चौथीपासूनची सवय तुझी. 'गाय हा उपयुक्त प्राणी होय.'" ते किंचित हसले. "म्हटलं, हेमाने लिहिलंय. ती शिकलेली आहे, तिने तपासूनच लिहिलं असणार. मला कळत नसेल, पण तिला कळतं. म्हणून घ्यायला लागलो."

मी खिडकीकडे बघितलं. खाली कुणीतरी बादलीने जिना धूत होतं. पाणी पायरी पायरी उतरत होतं, ते खाली पोचेपर्यंत मी बघत राहिले.

"हेमा."

"काय?"

"त्या अख्ख्या कागदात," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला वाटला होता तेवढा राग नव्हता, "एक तरी वाक्य खरं होतं का गं?"

मी आठवायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. राजान्न, पराग, वनदेवतेचं कवच. मधुमेहाचा चौकोन. मागची बाजू, एजंटांचे पत्ते. अगदी खाली, बारीक टाइपात.

"एक होतं."

"कुठलं?"

"'बाटली थंड व कोरड्या जागी ठेवावी.'"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं, आधी खोकल्यासारखं, मग ते हसायलाच लागले. पलंग हलायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा घसरला, मी धरायला गेले तर मलाही आवरेना. मी हसत होते की रडत होते, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा काही न कळून आमच्याबरोबर हसायला लागला.

दारातून नर्स धावत आली. "अहो ताई, काय चाललंय काय?" ती माझ्यावर ओरडली. "पेशंटला हसवू नका. टाके उसवतील."